निधीआधी ठराव : हिवरे बाजारचे प्रकरण

ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा करायला माणसे बसली की पहिला विषय बहुधा पैशाचाच निघतो. यंदा वित्त आयोगाचे किती येतील, जिल्हा परिषदेकडून काही पदरात पडेल का, आमदार निधीतून सभामंडप होईल का, अशी विचारपूस होते आणि त्या उत्तरांच्या मापाने गावाच्या गरजा बेतल्या जातात. अशा आराखड्यांच्या कामात मी बराच काळ आहे, त्यामुळे हा क्रम आपल्याकडे किती अंगवळणी पडला आहे हे मला ठाऊक आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने तो उलटा ठेवला. तेथे आलेला सरकारी निधी राज्यातल्या इतर गावांना खुल्या असलेल्या योजनांमधूनच आला होता, दरही तेच होते आणि कागदपत्रेही तीच होती. तरीही पाण्याच्या बाबतीत त्या गावाचे जे झाले ते थोड्या गावांचे झाले. हिवरे बाजारवर आजवर पुष्कळ लिहिले गेले असले तरी त्यातील बहुतेक लिखाण नेतृत्वाविषयी आहे. येथे पाहायचे आहे ते निधीच्या अंगाने: पैसा कोठून आला, कोणत्या अटींवर आला, कोणत्या कामाला लागला आणि योजना संपल्यावर मागे काय राहिले.

गाव जेमतेम हजार हेक्टरांचे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि दुष्काळी वर्षी त्याहून कितीतरी कमी. भोवतालच्या डोंगरांवरची झाडे तुटली तसा पडणारा पाऊस माती घेऊन ओढ्याने निघून जाऊ लागला, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठू लागल्या आणि शेतावर भागेना म्हणून माणसे कामासाठी बाहेर पडू लागली. गावात हातभट्टीची २२ ठिकाणे होती असे सांगितले जाते. सरकारी नोकराला येथे बदली मिळणे ही शिक्षा समजली जाई. १९९५ सालच्या नोंदीनुसार १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. अनुदानाच्या अर्जात आपण ‘समस्येचे स्वरूप’ असा जो रकाना भरतो, तो भरायला हिवरे बाजारला काही जड गेले नसते. पण तशी समस्या तेव्हा नगर, पारनेर, पाथर्डी, श्रीगोंदा या तालुक्यांतल्या असंख्य गावांची होती. केवळ हलाखीच्या जोरावर निधी मिळायचा असता तर तो सर्वांनाच सारखा मिळाला असता.

१९८९ च्या सुमारास एम. कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच म्हणून बिनविरोध निवडून आले. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत गावाने जे केले त्यातील बऱ्याचशा गोष्टींना सरकारी पैसा लागला नाही. शाळेचे काम आधी घेतले गेले आणि त्यासाठी लोकांनी श्रमदान केले. शाळेपासून सुरुवात करण्यात शहाणपण होते, कारण शाळेच्या खोलीवरून गावात दोन तट पडत नाहीत आणि एकत्र काम केल्याचा पहिला अनुभव सगळ्यांच्या गाठीला राहतो. त्यानंतर दारूभट्ट्यांचा प्रश्न घेतला गेला. भट्ट्या बंद झाल्या की त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न पुष्कळ गावे विचारतच नाहीत. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने बँक ऑफ महाराष्ट्रशी बोलून गरीब कुटुंबांना कर्जे मिळवून दिली आणि त्यांत पूर्वी दारू गाळणारी कुटुंबेही होती. कर्ज म्हणजे अनुदान नव्हे, ते फेडावे लागते. तरीही बाहेरच्या संस्थेने गावाच्या ठरावावर विश्वास ठेवून पैसा दिला आणि गावाने तो व्यवहार निभावला, ही पत पुढच्या मोठ्या निधीच्या वेळी कामी आली असे माझे मत आहे. १९९३ मध्ये सामाजिक वनीकरण विभागाच्या मदतीने सुमारे सत्तर हेक्टरांवर झाडे व मृदसंधारणाचे काम झाले. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली हे लक्षात घेतले, तर यातील बराच भाग ग्रामसभेला आजच्यासारखे कायद्याचे पाठबळ नसताना झाला होता, असे म्हणावे लागते.

राज्य सरकारने १९९२ साली आदर्श गाव योजना आणली. तिच्यामागे पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा अनुभव होता. हिवरे बाजारची निवड १९९४ मध्ये झाली. या योजनेच्या अटींची चर्चा येथे जरा सविस्तर केली पाहिजे, कारण अनुदानाची अट म्हणजे अडथळा असे आपल्याकडे धरले जाते आणि या प्रकरणात अटींचे काम वेगळे दिसते. गावाने पाच गोष्टी मान्य करायच्या होत्या: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. यातील पहिल्या दोन अटी थेट पैशाच्या राखणीशी जोडलेल्या आहेत. डोंगरावर सरकारी पैशाने चर खोदले, रोपे लावली आणि पुढच्याच वर्षी त्यांत जनावरे शिरली किंवा कुऱ्हाड चालली, तर तो सगळा खर्च एका पावसाळ्यात वाया जातो. रोप जगवण्यासाठी राखणदार ठेवायचा तर त्याचा पगार कोणत्या हेडखाली टाकणार? चराईबंदीचा ठराव हाच राखणदार, आणि त्याला पगार लागत नाही. श्रमदानाच्या अटीने गावाचा स्वतःचा वाटा कामात येतो, आणि ज्या बांधावर स्वतः घमेले उचलले आहे तो बांध फुटला तर माणूस गप्प बसत नाही. नशाबंदीचा संबंध मजुरी घरी पोचण्याशी आहे.

नसबंदीच्या अटीबद्दल मात्र मला वेगळे म्हणायचे आहे. पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जिरवण्याच्या कामांच्या, निधीची वाट कोणाच्याही शरीराविषयीच्या निर्णयातून जाऊ नये. लोकसंख्येचा आणि पाण्याचा संबंध खरा असला तरी ग्रामसभेच्या बहुमताने ठरवायच्या गोष्टींना मर्यादा आहे, आणि अशा अटीचा भार शेवटी गावातील स्त्रियांवर येतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हिवरे बाजारचे अनुकरण करू पाहणाऱ्या गावांनी पाचही सूत्रे डोळे मिटून उचलण्याऐवजी कोणते सूत्र कोणत्या गुंतवणुकीचे रक्षण करते हे स्वतः तपासावे. चराईबंदीचाही एक भुर्दंड आहेच: ज्याची चार एकर जमीन आहे त्याला बांधावरचा चारा मिळतो, ज्याच्याकडे जमीन नसून पाच शेळ्या आहेत त्याचे डोंगर बंद होताच हाल होतात. कापून नेण्यापुरते गवत वाढेपर्यंतचा काळ अशा घरांना कसा काढता येईल, याचे उत्तर ठराव मांडण्यापूर्वी गावाकडे असले पाहिजे.

आदर्श गाव योजनेत ग्रामसभेबरोबर एका नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचीही जबाबदारी असते. हिवरे बाजारात यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्थेच्या माध्यमातून काम झाले. संस्था कशाला हवी, ग्रामपंचायत पुरेशी नाही का, असा प्रश्न अनेक सरपंच विचारतात. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची असते, ग्रामसेवकाची बदली होते, आणि पाणलोटाचे काम मात्र एका मुदतीत मावत नाही. शिवाय हिशेब ठेवणे, तांत्रिक माणूस शोधणे, एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे पाठपुरावा करणे ही कामे ज्याच्या अंगावर टाकावीत असे कोणीतरी लागते. येथे एक सावधगिरी हवी. संस्था बाहेरची असेल आणि फक्त प्रकल्पाच्या काळापुरती आलेली असेल, तर तिच्या जाण्याबरोबर कागदपत्रे, नकाशे आणि मोजमापेही गावाबाहेर जातात. संस्था गावात रुजलेली असेल तर ती दप्तरासकट गावातच राहते.

आता मुख्य पैशाकडे वळू. ग्रामसभेने १९९५ ते २००० असा पाच वर्षांचा आराखडा केला आणि पाणलोटाच्या कामांचा मोठा भाग रोजगार हमी योजनेतून घडवून आणला. उपलब्ध नोंदींप्रमाणे सुमारे १,००० हेक्टर क्षेत्रावर हेक्टरी साधारण ४,००० रुपयांच्या हिशेबाने ४२ लाख रुपये खर्च झाले. रोजगार हमी योजना ही मागेल त्याला सार्वजनिक कामावर मजुरी देणारी, महाराष्ट्राची स्वतःची योजना. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने तिला राज्यव्यापी रूप दिले आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे बळ दिले. नोकरदारांच्या व्यवसाय कराचा पैसा तिच्यात येत असे. हिवरे बाजारच्या आधीही ती होती, शेजारच्या गावांतही होती, आणि तेथे तिच्यातून प्रामुख्याने रस्ते आणि खडी फोडण्याची कामे निघत. ज्या गावात दुष्काळ पडला की मजुरांची मागणी होते आणि मग घाईघाईने काम शोधले जाते, तेथे सर्वांत सोपे काम निघते ते खडी फोडण्याचे, कारण त्याला जागेचा वाद नसतो आणि आराखडाही लागत नाही. हिवरे बाजारकडे डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंतचा आराखडा तयार होता. त्यामुळे मजुरीची मागणी होताच कोणते काम काढायचे हा प्रश्न उरला नाही.

या योजनेचा एक नियम येथे निर्णायक ठरतो. खर्चातील किमान साठ टक्के वाटा अकुशल मजुरीचा असला पाहिजे आणि साहित्य व कुशल कामावर चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. पुष्कळ ग्रामपंचायती या साठ-चाळीसच्या प्रमाणावर नाराज असतात, कारण सिमेंटचा बंधारा किंवा काँक्रीटचा रस्ता त्यात बसत नाही. डोंगरउतारावरचे सलग समतल चर मात्र जवळजवळ संपूर्ण अकुशल काम आहे. ए-फ्रेम (पातळी पाहण्याची A आकाराची चौकट) घेऊन उतारावर एकाच पातळीतल्या खुणा करायच्या, त्या खुणा चुन्याच्या रेषेने जोडायच्या, साधारण दोन फूट रुंद व फूटभर खोल चर खोदायचा आणि निघालेली माती खालच्या अंगाला रचून तिच्यावर गवताचे बी टाकायचे. पातळी बोटभर चुकली तर पाणी चरात थांबत नाही, एका टोकाला धावते आणि तेथून चर फोडून घळ पाडते. म्हणून खोदणाऱ्यापेक्षा आखणाऱ्यावर जास्त लक्ष ठेवावे लागते. साहित्य म्हणून चुना आणि बी यांच्यापलीकडे फारसे काही लागत नाही. म्हणजे डोंगरावरची कामे मजुरीच्या वाट्यात भरपूर भर घालतात आणि खाली ओढ्यावर जे मोजके सिमेंट बंधारे घालायचे आहेत त्यांच्यासाठी चाळीस टक्क्यांची जागा मोकळी राहते. माथा ते पायथा हा पाणलोटशास्त्राचा नियम आणि साठ-चाळीस हा हिशेबाचा नियम अशा रीतीने एकाच क्रमाकडे बोट दाखवतात. ओढ्यातला बंधारा आधी बांधला आणि डोंगर तसाच उघडा ठेवला तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो, हे सांगायला अभियंता लागत नाही. तरीही आजही असंख्य आराखड्यांत बंधारा पहिल्या क्रमांकावर असतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते.

हिवरे बाजारच्या डोंगरांवर सुमारे ४०,००० चर खोदले गेले आणि पाणी अडवणारी लहानमोठी साडेसहाशेहून अधिक बांधकामे झाली, अशी नोंद आढळते. त्यांत दगडी बांध, मातीचे बांध, पाझर तलाव, सिमेंट बंधारे असे सगळेच आले. हे काम एका खात्याने केलेले नाही. वनीकरण, कृषी, मृदसंधारण अशी वेगवेगळी खाती होती, ग्रामसभेने त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे आराखड्याचा आपापला तुकडा नेला आणि ज्या खात्याच्या नियमांत जे बसते तेवढेच त्याच्याकडे मागितले. आज याला अभिसरण असा शब्द आहे आणि त्यावर परिपत्रकेही आहेत. ते जमण्यासाठी एका ठिकाणी संपूर्ण नकाशा असावा लागतो, एवढेच या प्रकरणातून दिसते. आणि मजुरी गावच्याच माणसांना मिळाली. बाहेर कामाला गेलेल्यांना गावाच्या डोंगरावर काम मिळणे आणि त्याच कामाने त्यांच्या विहिरीला पुढे पाणी वाढणे, हा एकाच रुपयाचा दुहेरी उपयोग होता.

फळ दिसायला काही वर्षे लागली. गावातील विहिरी ९७ वरून २१७ झाल्या. ओलिताखालचे क्षेत्र १९९९ मधील १२० हेक्टरांवरून २००६ पर्यंत २६० हेक्टरांवर गेले. गवताचे उत्पन्न २००० साली सुमारे १०० टन होते, ते २००४ च्या सुमारास ६,००० टनांवर पोचले. ज्यांच्याकडे जमीन थोडी त्यांनाही गवत कापून नेता आले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला रोज दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध चार हजार लिटरपर्यंत वाढले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे १९९८ च्या पाहणीत ५३ राहिली आणि पुढे ती संख्या तीनवर आली. २००७ मध्ये गावाला राष्ट्रीय जलपुरस्कार मिळाला आणि पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. विहिरींच्या आकड्याकडे मात्र जपून पाहावे. विहिरी वाढणे हे पाणी वाढल्याचे लक्षण असू शकते, तसेच ते उपसा वाढल्याचेही असते. महाराष्ट्रात अनेक पाणलोट प्रकल्प नेमके याच टप्प्यावर हरले: सरकारी पैशाने पाणी जिरवले, ते वर आले, मग ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बोअर घेतले, ऊस लावला आणि सार्वजनिक अनुदानाचे पाणी मोजक्या शेतांत गेले.

या जागी हिवरे बाजारच्या ठरावांचा दुसरा संच येतो, आणि माझ्या मते तोच या प्रकरणाचा गाभा आहे. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस व केळी लावायची नाही, बाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही, असे गावाने ठरवले. यातील एकही गोष्ट कोणत्याही अनुदानाच्या मार्गदर्शक सूचनांनी त्या गावावर लादलेली नव्हती. योजनेच्या अटी पैसा येताना लागू होत्या. हे नियम पैसा संपल्यानंतरसाठी होते. एखादी योजना बंद झाली की तिचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामाला लागल्याचा दाखला) जाते, लेखापरीक्षण होते आणि फाईल मिटते, पण बंधारा मात्र पुढची तीस वर्षे वापरात असतो, आणि त्या तीस वर्षांच्या वापराचा नियम कोणत्याच फाईलमध्ये नसतो.

अलीकडच्या निधीशी ताडून पाहिले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ ते २०२० मध्ये, ग्रामीण भागाचा निधी सर्वच्या सर्व ग्रामपंचायतींना मिळाला आणि महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे करण्यात आले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली, त्यात जिल्हा परिषद व पंचायत समितीचाही वाटा ठेवला आणि साठ टक्के निधी बंधित केला: त्यातील निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. बंधित निधीविषयी ग्रामपंचायतींची तक्रार मी नेहमी ऐकतो आणि ती अगदीच निराधार नाही, कारण गावाची गरज दरवर्षी याच दोन रकान्यांत बसेल असे नाही. तरी ज्या गावाकडे डोंगर ते ओढा असा नकाशा आहे त्याला पाण्याचा बंधित निधी ही अडचण वाटत नाही. त्याच्या नकाशातला पुढचा तुकडा उचलायचा, एवढेच करायचे असते. ज्या गावाकडे नकाशा नाही ते मार्च महिन्यात पैसे खर्ची टाकण्यासाठी पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र, हातपंपाची दुरुस्ती आणि कचऱ्याच्या कुंड्या यांच्या याद्या करते. यात कोणाचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. पैसा उशिरा येतो, ऑनलाइन प्रणालीत कृती आराखडा आधी चढवावा लागतो, तांत्रिक मान्यतेला वेळ लागतो, आणि तयारी नसलेल्या गावाला त्या धावपळीत दुसरा पर्याय उरत नाही.

हिवरे बाजार जसेच्या तसे दुसरीकडे उभे राहणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. लहान गाव, एकसंध पाणलोट, एकाच नेतृत्वाची दीर्घ कारकीर्द आणि त्याच जिल्ह्यातले राळेगणसिद्धीचे उदाहरण, हे सगळे एकत्र येणे दुर्मीळ आहे. दहा वाड्यांची, तीन पाणलोटांत विभागलेली आणि दर निवडणुकीत सत्ता बदलणारी ग्रामपंचायत हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र आहे. अशा ठिकाणी संपूर्ण गावाऐवजी एका वाडीचा किंवा एका ओढ्याचा आराखडा घेऊन तेथल्याच लोकांची समिती करणे अधिक व्यवहार्य ठरते.

हिवरे बाजारने २००४ च्या सुमारास पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पर्जन्यमापकावरची वर्षभराची नोंद आणि निरीक्षण विहिरींची पातळी घेऊन किती पाणी पडले, किती जिरले, किती हाती आहे याचा हिशेब केला जातो आणि तो ग्रामसभेत मांडला जातो. आधी माणसांचे पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग घरगुती वापराचे वजा होते; जे उरते त्यातील सत्तर टक्के शेतीला आणि तीस टक्के जमिनीत पुढच्या वर्षासाठी राखले जाते. पाऊस चांगला झाला असेल तर रब्बीची पिके ठरतात, कमी झाला असेल तर कोणते पीक सोडायचे हे ठरते, आणि ते पेरणीच्या आधी ठरते. हा हिशेब करायला लागतो तो एक पर्जन्यमापक, विहिरीत सोडायची टेप, एक फळा आणि गावासमोर आकडे वाचून दाखवणारा माणूस. यांतील कशासाठीच अनुदानाचा अर्ज करावा लागत नाही.